तीन म्हणणारा वालजी

वालजी करसननं आयुष्यात काय बांधलं असं कुणी विचारलं, तर मी त्याला हरीशभाई शेठच्या बंगल्यामागची कंपाउंडची भिंत दाखवीन. भिंत चांगली आहे, ओळंब्यात आहे, भूकंपानंतर बांधलेली असल्यामुळे सिमेंटही भरपूर आहे. तिच्या आत कुणी राहत नाही आणि बाहेरून कुणी जात नाही, हा काही भिंतीचा दोष नाही. या एका भिंतीसाठी आमच्या न्यातीनं, म्हणजे जातभाईंनी, त्याला इंजिनियर केलं, आणि पुढं दर डिसेंबरात त्याच्या हातात माइकही दिला.

मी त्याची शेजारीण. आमची मधली भिंत एकच. त्यांच्याकडे कढीला फोडणी बसली की शिंक मला येते. गावातल्या मुलींच्या शाळेत मी जन्मभर चित्रकला शिकवली, त्यामुळे लहानथोर सगळे मला कस्तुरबेन म्हणतात आणि तोंडावर तरी मान देतात. वालजी मला बेन म्हणतो. माझ्यापेक्षा लहान आहे, म्हणून मी त्याला अरेतुरे करते, आणि लहान नसता तरी केलं असतं.

आमचं माणेकपर कच्छातल्या त्या गावांपैकी आहे जिथं घरं मोठी आणि माणसं थोडी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बांधकामवाले. आजे-पणजे थापी घेऊन गलबतात बसले आणि आफ्रिकेत उतरले. तिथं त्यांनी दुसऱ्यांचे पूल बांधले, रेल्वेची स्टेशनं बांधली, आणि मग पैसा आल्यावर इथं स्वतःचे बंगले. फाटकावर दोन सिंह, आत संगमरवर, वर्षाचे अकरा महिने कुलूप. डिसेंबर आला की नैरोबी, मोम्बासा, लंडनहून मालक येतात, खिडक्या उघडतात, धुळीला नावं ठेवतात आणि उतरायणाचे पतंग उडवून परत जातात. उरलेल्या दिवसांत त्या बंगल्यांतून फक्त पारव्यांचा संसार चालतो.

नैरोबीचे कानजीबापा हे हरीशभाईंचे वडील. त्यांनी म्हातारपणी बांधकाम विद्या फंड काढला. नियम सरळ होता. ज्याला आर्किटेक्ट व्हायचं, सिव्हिल इंजिनियर व्हायचं, इमारतीचं काहीही शिकायचं, त्याला शिष्यवृत्ती. ज्याला डॉक्टर व्हायचं त्यानं आपल्या मामाकडे मागावं. बापा म्हणायचे, "आपली पोरं विटेची आहेत, विटेतच राहू देत." परिणाम असा झाला की गावात ज्याला गणित येतं तोही सिव्हिल इंजिनियर आणि ज्याला येत नाही तोही. आमच्या जेठालालचा मुलगा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटून घ्यायचा, तोसुद्धा बांधकामाचा डिप्लोमा करून बसला. आज त्याचं औषधांचं दुकान आहे, तळमजल्यावर.

आता चेक पोस्टानं पाठवला असता तर चाललं असतं. पण मग दानाचा आवाज कसा झाला असता? आमच्याकडे कुठलंही पुण्य उछामणीशिवाय होत नाही. देवळात आरती कोणी करायची याची बोली लागते, कळस कोणी चढवायचा याची लागते, तशी कुठल्या विद्यार्थ्याला कोणाच्या हातून शिष्यवृत्ती मिळायची याचीही लागते. मुलाला स्टेजवर उभं करायचं. पुकारणारा माइकवर त्याची माहिती सांगणार. खाली खुर्च्यांवर बसलेले दाते बोली वाढवत नेणार. जितकी बोली चढेल तितकी त्या मुलाची शिष्यवृत्ती, आणि ज्याची बोली शेवटची, त्याच्या हातून चेक, त्याच्याबरोबर फोटो, त्याच्या पायाला हात. पुकारणारा एक म्हणतो, दोन म्हणतो, आणि तीन म्हटलं की बोली पक्की. तोंडातून निघालेली बोली मागे घेता येत नाही. न्यातीत कुणी बायको सोडली तर लोक दोन वर्षांत विसरतात, बोली मागे घेतली तर नातवंडांची लग्नं अडतात. आणि तीन म्हटल्याशिवाय कुणाला चेकला हात लावता येत नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, म्हणून तो मोडतही नाही.

वालजी या फंडाचा पहिला विद्यार्थी. अठरा वर्षांचा होता, गालफडं बसलेली, अंगात मामाचा शर्ट. त्या वेळी देवळातले गोवाबापा पुकारायचे. त्यांनी वालजीला खांद्याला धरून लोकांसमोर वळवलं आणि सांगितलं, की याचा बाप परांचीवरून पडला तेव्हा हा आईच्या पोटात होता. कानजीबापांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांची बोली अशी चढली की बाकीच्यांनी माना खाली घातल्या. वालजी राजकोटला शिकला. पहिल्या वर्गात पास होऊन आला तेव्हा त्याला वाटलं आता आफ्रिका. धरण बांधू, पूल बांधू, काय काय त्याच्या डोक्यात होतं. बापांनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि किल्ल्यांचा जुडगा हातात दिला. "वालजी, तू आपला माणूस. बंगला तुझ्या स्वाधीन."

त्या 'आपला माणूस'नं त्याचं वाटोळं केलं. हे मी त्याला तेव्हाच तोंडावर सांगितलं होतं, पण त्याला ते पदवीसारखं वाटलं. गंजू नयेत म्हणून तो बंगल्यातले नळ रोज सोडायचा, संडासाच्या टाक्या ओढायचा, गाद्या झोडपायचा, आठवड्यातून एकदा मोटार सुरू करून तिथल्या तिथं घरघरवायचा. शेठ आले की त्यांच्या मुलांना उंटावर बसवून आणायचा. आणि खिशात छापील कार्ड ठेवायचा, त्यावर नाव आणि खाली 'साइट इंजिनियर'. साइट कुठली, हे विचारायची सोय नव्हती.

गोवाबापांचा घसा गेला तेव्हा माइक वालजीकडे आला. आवाज होताच. शिवाय कुठं दाबलं की कळ येते हे त्याला स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. तो मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हळूच लोकांकडे वळवायचा, थोडं थांबायचा, आणि मग सुरू करायचा. बापाचं दारूपायी गेलेलं शेत, आईचे लाटलेले पापड, घरात एकच चप्पल आणि ती दोघा भावांत. बायका पदर डोळ्यांना लावायच्या, दाते खिशाला हात लावायचे. मुलगा मान खाली घालून उभा असायचा, आणि त्याची मान जितकी खाली तितकी बोली वर.

लोक काय कमी आहेत? त्यांनी लगेच ओळखलं की इथं गुणांपेक्षा गळती छपराला जास्त भाव आहे. डिसेंबर आला की चांगल्या चांगल्या घरच्या बायका हातातल्या बांगड्या काढून ठेवायला लागल्या. एक जण माझ्याकडे आली, "कस्तुरबेन, तुमची एखादी फाटकी साडी एक दिवसापुरती द्याल का?" म्हटलं, फाटकी नाही, धुतलेली आहे. तर ती नाक मुरडून गेली, जणू मीच दरिद्री निघाले.

वालजीला मात्र या सगळ्याचा अभिमान. कार्यक्रम झाला की माझ्या ओट्यावर बशीत चहा ओतत विचारायचा, "बेन, यंदा कसं झालं?"

"छान झालं. दोन बायका रडता रडता पडायच्या राहिल्या."

"तुम्ही थट्टा करता. पण पोरांची फी निघते ना?"

"निघते. मग पोरं शिकून कुठं जातात?"

"ज्यानं बोली घेतली त्याच्याच साइटवर. काम शोधायला नको."

"आणि सोडून जायचं म्हटलं तर?"

"कशाला सोडतील, बेन? आपली माणसं."

असा हा माणूस. देवानं त्याच्या घरी मुलगी दिली ऊर्मी, ती मात्र वेगळ्या मातीची. लहान मुली घर काढतात तेव्हा आधी छप्पर काढतात आणि मग त्याला दार चिकटवतात. ही पाचवीत असताना आधी सावली काढायची. म्हणायची, "बेन, इथं आजी बसेल ना दुपारी, म्हणून भिंत इथं." तेव्हाच मी ओळखलं. बारावीनंतर तिला अहमदाबादच्या आर्किटेक्चर कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि तोही गुणांवर, ओळखीवर नाही. पहिल्या सहामाहीची फी तिची आई प्रभा हिनं पाटल्या मोडून भरली. दुसऱ्या सहामाहीची जानेवारीत भरायची होती, आणि घरात मोडायला काही उरलं नव्हतं. फंड मिळाला तर पोरगी शिकणार, नाही तर बिछाना गुंडाळून परत येणार. तिसरा रस्ता नव्हता.

आणि इथंच वालजीची पंचाईत झाली. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या घरातलं दारिद्र्य चव्हाट्यावर मांडत आला. आता ऊर्मीला स्टेजवर उभी करून कुणाच्या घरचं मांडणार होता?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे ताक मागायला गेले होते. ऊर्मी सुटी काढून आली होती. बाप-लेक चुलीजवळ बसले होते, प्रभा रोटले थापत होती.

"पप्पा, उद्या माझ्याबद्दल काय सांगणार?" ऊर्मीनं विचारलं.

"तुझे मार्क सांगेन. तुझी चित्रं दाखवेन. कॉलेजात पहिली आलीस ते सांगेन."

"मार्कांना बोली लागत नाही. तुम्हीच म्हणता."

वालजीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. प्रभानं तव्यावर रोटला टाकला आणि मागं न बघता म्हणाली, "खरं तेच सांगा की. बाप शेठच्या घराचे नळ सोडतो म्हणावं. त्याला चांगली बोली येईल."

"मी इंजिनियर आहे," वालजी म्हणाला.

"हो, कार्ड आहे ना खिशात. दुकानदाराला तेच दाखवते मी."

वालजीनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मी काही बोलेन. मी ताकाची बरणी पुढं केली.

ऊर्मी शांत होती. म्हणाली, "पप्पा, मला उभं राहायला लाज वाटत नाही. फी पाहिजे, उभी राहीन. फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून मला वळवू नका. लोकांकडे तोंड कसं करायचं ते मला कळतं."

दुसऱ्या दिवशी समाजवाडीत मांडव पडला. पुढच्या रांगेत सोफे, मागं खुर्च्या, त्यामागं सतरंजी. दानाच्या क्रमानं माणूस जमिनीपासून वर उचलायची आमच्याकडे पद्धत आहे. लापशीचा वास सुटला होता, त्यामुळे भाषणं लवकर आटपावीत असं सगळ्यांनाच वाटत होतं आणि कुणीच आटपत नव्हतं. हरीशभाई मधल्या सोफ्यावर होते. बापाचा पैसा आला, बापाचं डोळ्यांतलं पाणी नाही आलं. नैरोबीत चाळीस मजल्यांचं काहीतरी बांधतात म्हणे. इथं त्यांना पंख्याचा वारा कमी पडतो.

ऊर्मीच्या आधी मयूर नावाच्या मुलाची पाळी आली. त्याला बाप नाही, आई लोकांचे पापड लाटते. हे खरंच होतं, त्याच्या आईला फाटकी साडी मागून आणावी लागली नव्हती. वालजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला वळवलं आणि आपलं नेहमीचं सुरू केलं. मोम्बासाचे रामजीबापा जोरात होते. त्यांची बोली सगळ्यांच्या वर गेली तेव्हा ते सोफ्यावरूनच म्हणाले, "पोरगा शिकला की थेट माझ्या साइटवर. पाच वर्षं इकडंतिकडं बघायचं नाही. पगाराचं मी बघेन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मयूरची आई सतरंजीवर होती, तिनं पदर तोंडाशी धरला. पाच वर्षं मुलगा समुद्रापलीकडं, हे तिला तिथंच कळत होतं. मयूरनं वालजीकडे पाहिलं. वालजीनं एका श्वासात एक, दोन, तीन म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढचं नाव ऊर्मीचं.

ती वर आली, सरळ उभी राहिली, लोकांकडे तोंड करून. वालजीचा हात सवयीनं उचलला गेला आणि मधेच थांबला. मग त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"ऊर्मी वालजी," तो म्हणाला. "आर्किटेक्चर, पहिलं वर्ष. कॉलेजात पहिली. मुलगी हुशार आहे, संस्कारी आहे. वडील," इथं तो थांबला, "वडील स्वतः इंजिनियर आहेत."

मी कपाळाला हात लावला. माणूस बुडतानाही कार्ड कोरडं ठेवायला बघत होता.

एकही बोली आली नाही. मांडवात कुजबुज झाली. हरीशभाई सोफ्यावर रेलून म्हणाले, "वालजी, इंजिनियरच्या मुलीला कशाला फंड? गरजूंना राहू दे." मग शेजाऱ्याकडे वळून, पण ऐकू जाईल असं, "आमचा नळवाला इंजिनियर." पुढची रांग हसली. पुढची रांग हसली म्हणून मागची हसली, आणि सतरंजीवरच्यांना काय झालं ते कळलं नाही, तरी तेही हसले.

ऊर्मी हलली नाही. तिनं फक्त बापाकडे मान वळवली.

वालजीनं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि बोलायला लागला. आवाज त्याचा नव्हताच. नेहमीचे चढउतार नाहीत, थांबणं नाही. बाजारात भाव सांगावा तसा.

"बरोबर आहे. मी नळ सोडतो. या फंडानं मला शिकवलं, पहिल्या वर्गात पास झालो. त्यानंतर मी एक भिंत बांधली, शेठच्या मागच्या बाजूला. बाकी आयुष्य खिडक्या उघडण्यात आणि लावण्यात गेलं. घरात पैसे नाहीत. हिच्या आईच्या पाटल्या पहिल्या सहामाहीत गेल्या. पुढची फी जानेवारीत आहे आणि ती माझ्याकडे नाही. झालं. बोला आता."

बायकांनी पदर उचलले नाहीत, कारण रडायचं कुठं हे त्यानं सांगितलंच नव्हतं. मग मागून एका लंडनवाल्यानं बोली लावली, दुसऱ्यानं वाढवली, आणि हरीशभाई उठून बसले. आपल्या बापाच्या फंडाचा पहिला विद्यार्थी, आपल्याच बंगल्याचा रखवालदार, आणि त्याची मुलगी दुसऱ्याच्या हातून चेक घेणार? त्यांनी अशी बोली लावली की ऊर्मीची पाचही वर्षं निघून वर वह्या आल्या असत्या. लंडनवाला खाली बसला.

"एक," वालजी म्हणाला.

हरीशभाई हात जोडून लोकांकडे वळले. त्यांना आता बोलायचं होतं आणि अडवणारं कुणी नव्हतं. "बापांनी वालजीला घडवलं, मी त्याच्या मुलीला घडवतो. शिकून आली की आमच्या बंगल्याचे वरचे दोन मजले तीच काढेल. बाप घर सांभाळतो, मुलगीही सांभाळेल. आपलीच माणसं आहेत."

टाळ्या पडल्या. सोफ्यावरून सुरू झाल्या आणि मागं सरकत गेल्या.

"दोन," वालजी म्हणाला, आणि थांबला.

लोकांना वाटलं घोट गिळतोय. चेक घेऊन फंडाचे मंत्री, म्हणजे चिटणीस, पुढं आले, फोटोवाला वाकला, हरीशभाई पायऱ्या चढून स्टेजवर आले. वालजी माइक तोंडाशी धरून तसाच उभा.

"तीन म्हण की," हरीशभाई हळूच म्हणाले. माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"म्हणतो, शेठ. आधी शेवटचं वाक्य मागे घ्या."

"कुठलं वाक्य?"

"मजल्यांचं. आणि सांभाळायचं. बोली फीची लागली आहे, मुलीची नाही."

"वालजी, तुला कळतंय का तू कोणाशी बोलतोयस?"

"कळतंय. किल्ल्या कमरेला आहेत माझ्या."

हरीशभाईंनी मंत्र्यांकडे पाहिलं. मंत्र्यांनी चेककडे पाहिलं. मुळात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. बोली तोंडातून निघाली होती, ती परत गिळली तर नैरोबीपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली असती. आणि तीन होत नव्हतं. सतरंजीवरून कुणीतरी म्हातारा ओरडला, "मागं घ्या हो शेठ, लापशी निवते आहे." आणि पहिल्यांदाच त्या दिवशी मागच्या लोकांचं हसणं पुढच्या रांगेत आलं.

"बरं," हरीशभाई म्हणाले. "शिकू दे तिला. कुठं जायचं तिथं जाऊ दे."

"तीन," वालजी म्हणाला.

ऊर्मीनं चेक घेतला. पायाला हात लावला, कारण ती नीट वाढवलेली मुलगी आहे. फोटो निघाला, त्यात हरीशभाईंचे डोळे मिटलेले आहेत. जेवायच्या पंगतीत वालजीशेजारी कुणी बसलं नाही. संध्याकाळी शेठचा ड्रायव्हर किल्ल्या मागायला येण्याआधीच तो त्या देऊन आला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली तर कुणालाही वाटेल वालजी मोठा माणूस. मलाही त्या संध्याकाळी तसंच वाटलं, आणि मी स्वतः त्यांच्याकडे गूळपापडी घेऊन गेले. पण माणसाचा स्वभाव एका डिसेंबरात जात नाही. नंतर तो भुजच्या रस्त्यावर एका लादीवाल्याच्या गोदामात कामाला लागला, आणि तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यानं ही गोष्ट ऐकवायला सुरुवात केली. शेठला कसा स्टेजवर अडवला. शेठचं तोंड कसं झालं. दोन आणि तीनच्या मधे तो आता इतका थांबायला लागला, की ऐकणाऱ्याचा चहा निवायचा. पूर्वी दुसऱ्याचं दारिद्र्य खुलवून सांगायचा, आता स्वतःचं शौर्य सांगायला लागला. आवाज तोच, चढउतार तेच. भिंतीपलीकडून मला सगळं पाठ झालं.

मे महिन्यात ऊर्मी सुटीला आली. त्या दिवशी त्यांच्याकडे प्रभाच्या माहेरची माणसं आली होती आणि मलाही चहाला बोलावलं होतं. वालजीनं बशी भरली आणि सुरू केलं. मांडव झाला, सोफा झाला, नळवाला झाला. "मी म्हटलं, दोन. आणि उभा राहिलो. शेठ म्हणाले, तीन म्हण. मी म्हटलं, शेठ, बोली फीची लागली आहे."

"पप्पा," ऊर्मी म्हणाली, "मयूर परत आला."

वालजी थांबला. "कोण मयूर?"

"माझ्या आधी उभा होता तो. पापडवाल्या मासीचा. अहमदाबादहून येताना बसमध्ये भेटला. मासी आजारी पडली. रामजीबापांनी सांगितलं, शेवटची परीक्षा झाली की लगेच निघायचं, नाही तर फीचे पैसे परत कर. मासीला टाकून जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं कॉलेज सोडलं. आता गांधीधामला प्लंबरच्या हाताखाली राबून ते पैसे फेडतोय."

"वाईट झालं," प्रभाचा भाऊ म्हणाला.

"रामजीबापा असं म्हणाले तेव्हा मयूरनं तुमच्याकडे पाहिलं होतं. मी पायरीवर उभी होते, मला दिसलं. तुम्ही एका दमात एक दोन तीन म्हणालात. त्याच्या वेळी का नाही थांबलात?"

वालजीनं बशी खाली ठेवली. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "बेटा, त्याला बाप नव्हता ना तिथं."

"माइक तर तुमच्याच हातात होता, पप्पा."

प्रभानं कप गोळा केले. वालजीनं बशीतला चहा तसाच ठेवला आणि चपला घालून गोदामाकडे निघाला, त्या दिवशी गोदाम बंद असतं तरी.

त्यानंतर ती गोष्ट त्यानं कुणाला सांगितली असेल तर मला माहीत नाही. माझ्या भिंतीपर्यंत तरी ती पुन्हा आली नाही.